गळक्या शाळेसाठी सरकारी पैसा: गोव्यातल्या पालकांनी, शिक्षकांनी आणि पंचांनी कुठून सुरुवात करावी

गोव्यातल्या बऱ्याच सरकारी प्राथमिक शाळा एकाच काळात उभ्या राहिल्या. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि पुढच्या दहा वर्षांत वाड्यावाड्यावर शाळा उघडल्या. सुरुवातीचे वर्ग कुठे देवळाच्या अग्रशाळेत भरत, कुठे एखाद्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) ओसरीवर. पुढे त्यांना चिऱ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौलांचे छप्पर मिळाले. त्या इमारतींनी आता पन्नाशी-साठी गाठली आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात वाळवी, समुद्राकाठी खारा वारा आणि डोक्यावर वाकलेला फणस. छप्पर गळणारच.

गळायला लागले की गावात ठरलेली वाक्ये ऐकू येतात: ‘आमदाराला सांगूया’, ‘पंचायतीत विचारूया’. सांगावे, विचारावेही. पण शाळेसाठीचा पैसा एका ठिकाणी नसतो. रंगरंगोटीचा पैसा वेगळ्या वाटेने येतो, छप्पर बदलण्याचा वेगळ्या आणि नव्या इमारतीचा तर तिसऱ्याच. चुकीच्या दारात दिलेला अर्ज कुणी फेटाळत नाही, तो फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. तोवर पावसाळा येतो.

पहिले काम: एक-चौदाचा उतारा

दुरुस्तीची मागणी करण्याआधी शाळा कुणाच्या जमिनीवर उभी आहे ते बघा. नव्या इमारतीचा विषय असेल तर याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. साठच्या-सत्तरच्या दशकात कुणी भाटकाराने तोंडी शब्दावर जागा दिली, कुठे कोमुनिदादीने, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेने दिली, कुठे देवस्थानाने. शाळा बांधली गेली, पण कागद झाला नाही. पुढे भूमापन झाले तेव्हा उताऱ्यावर मूळ मालकाचेच नाव लागले.

सर्वे नंबर आणि उपविभाग माहीत असेल तर एक-चौदा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा उतारा, ऑनलाइन मिळतो, नाहीतर मामलेदार कार्यालयात. त्यात कब्जेदाराच्या रकान्यात कुणाचे नाव आहे ते पाहा आणि इतर हक्कांचा रकानाही वाचा. सोबत सर्वे आराखडा घ्या आणि शाळेची इमारत, शौचालय, विहीर व खेळाची जागा खरोखर त्याच उपविभागात आहेत का ते ताडून पाहा. शौचालय शेजारच्या नंबरात निघाल्याचे प्रकार दुर्मीळ नाहीत.

सरकारचे किंवा शिक्षण खात्याचे नाव असेल तर अर्धी लढाई संपली. नसेल तर घाबरू नका. उभ्या इमारतीची कौले बदलायला किंवा गळती काढायला सहसा जमिनीचा प्रश्न आडवा येत नाही. नवी इमारत, नवा मजला किंवा कुंपणाची भिंत म्हटली की मात्र येतो. मालकाचे वारस तयार असतील तर दानपत्र नोंदवून म्युटेशन (उताऱ्यावरच्या नावाचा बदल) करून घ्यावे. जागा कोमुनिदादीची असेल तर कोमुनिदाद संहितेप्रमाणे प्रस्ताव जातो आणि त्याला वेळ लागतो. वारस मुंबईत, पोर्तुगालात आणि लंडनमध्ये विखुरलेले असतील, आणि गोव्यात ते असतातच, तर शिक्षण खात्यामार्फत भूसंपादनाचा मार्ग उरतो. तो लांबचा आहे. म्हणून हा कागद आज काढा, इमारत पडायची वाट पाहू नका.

नुकसान नेमके किती, ते तुम्हीच आधी लिहा

अभियंता येण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीने एक दुपार काढून इमारत खोली-खोलीने पाहावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत पाऊण भाग पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारीही याच समितीची. आपल्याकडे पालक-शिक्षक संघ जास्त जागा असतो आणि समिती कागदावर झोपलेली असते. ती उठवा, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ठराव तिचाच लागतो.

पाहणीत तीन गट पाडा. पहिल्या गटात शाळेला स्वतः करता येण्यासारखे: फुटलेली चार-दोन कौले, कडी-कोयंडे, नळ, विजेची बटणे, पन्हळीतला पालापाचोळा. दुसऱ्यात मोठी दुरुस्ती: वाळवी लागलेले वासे आणि रिपा, पूर्ण छप्पर, उखडलेली जमीन, नवीन वायरिंग. तिसऱ्यात धोका: भिंतीला आरपार गेलेली तिरपी चीर, खचलेला पाया, स्लॅबमधून उघडी पडलेली गंजकी सळी, वाकलेला मुख्य आडा.

तिसऱ्या गटातले काही दिसले तर आराखड्याची वाट न पाहता वर्ग त्या खोलीतून हलवा आणि त्याच दिवशी लेखी कळवा. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी २५ जुलै २०२५ रोजी सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले गेली. त्यानंतर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सगळ्या राज्यांना शाळांची सुरक्षा तपासणी करायला सांगितले. त्याच्याही आधी, तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला लागलेल्या आगीनंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली शाळेच्या इमारतीची सुरक्षितता हा मुलांच्या शिक्षणहक्काचाच भाग मानला होता. पत्रात या दोन गोष्टींचा एका ओळीत उल्लेख करा, फाईल जरा लवकर हलते. संरचनात्मक तपासणी साबांखाच्या, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांकडून मागता येते. फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातूनही अशा तपासण्या होतात.

फोटो काढताना प्रत्येक खोलीचा आधी दारातून पूर्ण फोटो, मग जवळून नुकसानीचा. तारीख फोटोवरच यावी. आणि पावसाळ्यात एकदा तरी व्हिडिओ घ्या. मार्च महिन्यात कोरड्या छपराखाली उभा राहून गळती पटवणे म्हणजे उन्हाळ्यात छत्री विकणे.

यूडायसचा फॉर्म: सगळ्यात दुर्लक्षित कागद

प्रत्येक शाळेला यूडायस या देशभरच्या शालेय माहितीच्या नोंदीत अकरा आकडी क्रमांक असतो, गोव्यातल्या शाळांचा तीसने सुरू होतो. मुख्याध्यापक दरवर्षी त्या पोर्टलवर शाळेची माहिती भरतात. त्यात इमारत पक्की, अंशतः पक्की की मोडकळीला आलेली, आणि किती वर्गखोल्या चांगल्या, किती किरकोळ दुरुस्तीच्या, किती मोठ्या दुरुस्तीच्या, असे रकाने आहेत. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेत राज्याची वार्षिक योजना याच आकड्यांवरून बनते आणि दिल्लीतल्या मंजुरी मंडळापुढे जाते.

घाईत किंवा शाळेची अब्रू राखायला अनेकदा सगळ्या खोल्या ‘चांगल्या’ दाखवल्या जातात. मग योजनेत त्या शाळेची गरज शून्य दिसते, आणि मागणीपत्र गेले की वरून प्रश्न येतो: तुमच्याच माहितीत तर सगळे ठीक आहे! समितीच्या बैठकीत भरलेला फॉर्म मुख्याध्यापकांकडून मागून वाचा. ते उलटतपासणीच्या सुरात विचारू नका. एका शिक्षकावर चार वर्ग, पोषण आहाराचा हिशेब आणि जनगणनेपासून मतदारयादीपर्यंतची कामे असतात. फॉर्म भरायला बसेल असा एखादा संगणक जाणणारा पालक दिलात तर जास्त उपयोग होईल.

छोट्या कामांचा पैसा: संयुक्त शाळा अनुदान

समग्र शिक्षेतून सरकारी शाळांना दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळते. योजना २०१८-१९ पासून आहे आणि गोव्यासाठी खर्चाची वाटणी केंद्र साठ टक्के, राज्य चाळीस टक्के अशी. अनुदानाची कमाल रक्कम पटावर ठरते: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यावर १ लाख. यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर घालावा लागतो.

गोव्यातल्या कित्येक प्राथमिक शाळांचा पट तिसाच्या आत आहे, म्हणजे हातात दहा हजार. त्यातून खडू, वीज, झाडू, फिनेल आणि दुरुस्ती. छप्पर यातून होणार नाही, ती अपेक्षाही ठेवू नका. पण पहिल्या गटातली कामे याच पैशांतून, मेमध्येच करून घ्या. चार फुटकी कौले वेळेवर बदलली आणि पन्हळ साफ ठेवली तर वासा कुजत नाही. वासा कुजला की तुम्ही साबांखाच्या रांगेत.

खर्चाला समितीचा ठराव, पावती आणि साठा नोंदवहीतली नोंद हवी. मार्चअखेरीपर्यंत न वापरलेला पैसा पुढच्या वर्षी तुमच्या हातात असेल असे गृहीत धरू नका.

मोठ्या दुरुस्तीचा प्रवास

हा खरा मधला मार्ग आणि इथेच बहुतेक फाईली हरवतात. क्रम असा असतो.

मुख्याध्यापक समितीच्या ठरावासह मागणीपत्र तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे देतात. तिथून ते विभागीय कार्यालयात, म्हणजे म्हापसा, पणजी किंवा मडगावला, आणि मग पर्वरीच्या शिक्षण संचालनालयात जाते. संचालनालय साबांखाच्या संबंधित विभागाकडून अंदाजपत्रक मागवते. कनिष्ठ अभियंता जागा पाहतो, गोव्याच्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक बनवतो आणि ते पुन्हा संचालनालयाकडे येते. तिथे प्रशासकीय मान्यता आणि खर्चाची मंजुरी होते. मोठ्या रकमेला वित्त खात्याची सहमती लागते. नंतर तांत्रिक मंजुरी, ई-निविदा, कार्यादेश, आणि मग कुठे मिस्त्री छपरावर चढतो.

मागणीपत्र कसे लिहावे? ‘शाळेची इमारत जीर्ण झाली असून दुरुस्ती व्हावी ही नम्र विनंती’ या वाक्यावर अभियंत्याला काहीच करता येत नाही. असे लिहा:

‘सरकारी प्राथमिक शाळा, वाडा अमुक. यूडायस क्रमांक अमुक. सर्वे नंबर अमुक, कब्जेदार गोवा सरकार. इमारत चिऱ्याची, छप्पर मंगळुरी कौलांचे, वर्गखोल्या दोन. पश्चिमेकडील खोलीतील सहा वासे वाळवीने पोखरले असून गळतीमुळे जून ते सप्टेंबर ही खोली वापरता येत नाही. पहिली ते चौथीचे सर्व वर्ग एकाच खोलीत बसतात. मागील मोठी दुरुस्ती अमुक वर्षी. सोबत फोटो, समितीचा ठराव, एक-चौदाचा उतारा व यूडायस फॉर्मची प्रत.’

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी शौचालये, पिण्याचे पाणी, अडथळ्याविना प्रवेश, खेळाचे मैदान आणि कुंपण यांची तरतूद आहे. तुमच्या शाळेत यातले जे नाही ते कायद्याचा हवाला देऊन एका स्वतंत्र परिच्छेदात मांडा. मागणी मग मेहेरबानीची राहत नाही.

कनिष्ठ अभियंता पाहणीला येईल तेव्हा समितीचा एक माणूस हजर असलाच पाहिजे, शक्यतो बांधकामातला. छपराच्या कामात आतल्या रिपांना वाळवीप्रतिबंधक लेप, कोन्याची कौले, पन्हळ, पडवीचे छप्पर या बाबी अंदाजपत्रकातून सुटतात. एकदा मान्यता झाली की सुटलेली बाब घालायला पुन्हा सगळा फेरा. जीएसटीही धरला आहे ना, ते विचारा, नाहीतर रक्कम कमी पडून एखादे काम गाळले जाते.

दोन-तीन वर्गांची नवी इमारत किंवा हायस्कुलाची मोठी वास्तू असेल तर काम बहुधा जीएसआयडीसीकडे, म्हणजे २००१ साली स्थापन झालेल्या राज्य पायाभूत सुविधा विकास महामंडळाकडे जाते. वास्तुविशारद नेमण्यापासून निविदेपर्यंत सगळे तेच पाहतात. इमारती देखण्या होतात. माझी एक तक्रार आहे: सपाट स्लॅब आणि काचेच्या खिडक्या आपल्या पावसाला मानवत नाहीत, आणि पाच-सात वर्षांत त्या स्लॅबवर पत्र्याचे छप्पर चढवावे लागते. आराखडा समितीला दाखवायला सांगा आणि उतरते छप्पर व रुंद वळचण मागा.

पैसा तरतुदीत आहे का, हे बघण्याची युक्ती

राज्याचा अर्थसंकल्प सर्वांना उघडा असतो. शालेय शिक्षणाची मागणी क्रमांक ३४, सार्वजनिक बांधकामाची २१. बांधकामाचा भांडवली खर्च ४२०२ या लेखाशीर्षाखाली, शिक्षणाचा चालू खर्च २२०२ खाली आणि सरकारी इमारतींची देखभाल २०५९ खाली सापडते. आकडे पाठ करायची गरज नाही. पण ‘निधी नाही’ असे उत्तर आले तर कोणत्या शीर्षाखाली नाही, हे लेखी विचारता येते.

दुसरा खजिना म्हणजे विधानसभेतली प्रश्नोत्तरे, ज्यांना आपण एलएक्यू म्हणतो. शाळा दुरुस्तीवर आमदार प्रश्न विचारतात आणि उत्तरासोबत शाळांच्या, कामांच्या, रकमांच्या याद्या येतात. विधानसभेच्या संकेतस्थळावर त्या मिळतात. तुमच्या शाळेचे नाव एखाद्या यादीत ‘अंदाजपत्रक तयार’ म्हणून आधीच पडलेले असू शकते. आमदारांना भेटायला जाताना ती यादी हातात ठेवा. आणि त्यांना छप्पर दुरुस्त करून द्या म्हणण्यापेक्षा ‘पर्वरीत प्रशासकीय मान्यतेला अडकलेली फाईल क्रमांक अमुक’ असे सांगा. काम होण्याची शक्यता मग बरीच वाढते.

आडवाटा

डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या खाण पट्ट्यातल्या गावांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा, म्हणजे खाणबाधित गावांसाठी खाणधारकांकडून जमणाऱ्या निधीचा मार्ग आहे. उत्तर आणि दक्षिण गोव्याची प्रतिष्ठाने वेगळी, अध्यक्ष जिल्हाधिकारी. २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीनंतर हा निधी आला आणि शिक्षण त्यातल्या अग्रक्रमाच्या क्षेत्रांत मोडते. गाव खाणबाधित म्हणून नोंद आहे हे आधी तपासा, मग ग्रामसभेचा ठराव जोडून अर्ज करा. माझ्या मते या निधीकडे शाळा जेवढ्या वळायला हव्यात तेवढ्या वळत नाहीत.

गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. काणकोण, केपे, सांगे, फोंडा भागात त्यांची वस्ती मोठी असेल तर आदिवासी उपयोजनेतून काम धरता येते का, हे आदिवासी कल्याण खात्यात विचारा. खासदारांना वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, त्यातून शाळेची खोली किंवा शौचालय बसते. गोव्याला लोकसभेचे दोन आणि राज्यसभेचा एक खासदार आहे, तिसऱ्याकडे जायचे लोक विसरतात. पंचायतीला वित्त आयोगाचे जे अनुदान येते त्याचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असतो, तेव्हा शाळेचे शौचालय, टाकी, सांडपाणी यांची मागणी पंचायतीत करा, छपराची नको. कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी आणि देणगीदारांसाठी विद्यांजली पोर्टलवर शाळेची गरज नोंदवता येते. तिथे अनुदानित शाळाही चालतात.

वादळात झाड पडून छप्पर गेले तर वाट वेगळी आणि वेगवान. अग्निशामक दलाला बोलवा, तलाठ्याकडून पंचनामा त्याच दिवशी करून घ्या आणि मामलेदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत प्राथमिक शाळांची तातडीची दुरुस्ती बसते. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने गोव्याला झोडपले तेव्हा पंचनाम्याचे महत्त्व सगळ्यांनाच कळले. झाड अजून पडलेले नाही पण पडेल असे वाटत असेल तर उपजिल्हाधिकाऱ्यांकडे धोकादायक झाडाची तक्रार द्या. स्वतः कुऱ्हाड घेऊ नका, वृक्ष संरक्षण कायदा १९८४ चा आहे आणि तो लागू होतो.

अनुदानित शाळांचे गणित

गोव्यातली बहुसंख्य हायस्कुले खासगी संस्थांची, पण सरकारी अनुदानावर चालतात. शिक्षकांचा पगार सरकार देते म्हणून इमारतही सरकार बांधेल असा पालकांचा समज असतो. इमारत संस्थेची, जबाबदारीही संस्थेची. १९८४ च्या गोवा शालेय शिक्षण कायद्याखाली त्यांना अनुदान मिळते आणि त्यात देखभालीचा भाग असतो. मोठ्या बांधकामासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत पायाभूत सुविधांची कर्जयोजना राबवली गेली आहे. चालू अटी महामंडळातून घ्याव्यात. संस्थेचे लेखापरीक्षण अद्ययावत नसेल तर यातले काहीच हलत नाही, एवढे पालकांनी व्यवस्थापनाला आठवण करून द्यावे.

वेळापत्रक

गोव्यात छपराचे काम ऑक्टोबर ते मे एवढेच होते. शाळा चालू असताना कौले उतरवता येत नाहीत, म्हणून खरा काळ मे महिन्याचा. २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले, त्यामुळे माध्यमिक शाळांना तर तेवढेच दिवस उरले. मेमध्ये काम हवे तर कार्यादेश मार्चमध्ये हवा, निविदा जानेवारीत, मान्यता दिवाळीच्या आसपास, अंदाजपत्रक चतुर्थीच्या आधी. म्हणजे मागणीपत्र जून-जुलैत, छप्पर गळत असतानाच द्यायचे. बहुतेक गावांत ते फेब्रुवारीत दिले जाते.

आचारसंहितेचाही विचार करा. विधानसभेची मागची निवडणूक १४ फेब्रुवारी २०२२ रोजी झाली, पुढची २०२७ च्या सुरुवातीला. आचारसंहिता लागली की सुरू न झालेली कामे थांबतात, कार्यादेश निघाला असला तरी. प्रत्यक्ष सुरू झालेली चालू राहतात.

काम सुरू झाल्यावर

कार्यादेशाची आणि अंदाजपत्रकाची प्रत शाळेत ठेवा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा: फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. त्या कायद्याच्या कलम २(ञ) खाली चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचाही हक्क आहे, हे ठेकेदाराला नम्रपणे सांगितले तरी पुरते. जुने सागवानी वासे आणि चांगली कौले उतरवली की त्यांची मोजदाद करून यादीवर दोघांच्या सह्या घ्या. ती सरकारी मालमत्ता आहे आणि तिला पाय फुटतात.

मुख्याध्यापकांनी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी छपरावर पाइपने पाणी सोडून पाहावे. मे महिन्यात पाऊस नसतो, पण टँकर असतो. ठेकेदारावर दोषदायित्वाची मुदत असते, ती कार्यादेशात लिहिलेली सापडेल. त्या मुदतीत गळले तर त्याने फुकट दुरुस्त करायचे असते आणि तोवर त्याची अनामत रक्कम अडकलेली असते. मुदतीची शेवटची तारीख फळ्याशेजारी लिहून ठेवा, आणि जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, गळो वा न गळो, साबांखाच्या साहाय्यक अभियंत्याला एक पाहणीपत्र देऊन त्याची पोच घ्या.